कोणत्या महिन्याचं पाणी?

नाथसागराची हद्द नकाशावर आखून द्या, असं कोणी म्हणालं की माझा उलट प्रश्न ठरलेला असतो : कोणत्या महिन्याची? समोरच्याला वाटतं, हा माणूस काम टाळतोय. उपग्रहाच्या चित्रांवरून पाणी, पीक, पडीक आणि वस्ती वेगळी करायची हा माझा धंदा. राहायला वाळूजला. इथल्या कारखान्यांना आणि नळांना पाणी येतं ते जायकवाडी धरणातून, आणि त्या जायकवाडीच्या जलाशयाचा, म्हणजेच नाथसागराचा, काठ कधी एका जागी थांबत नाही, हे मला पडद्यावर रोज दिसतं.

त्याचं कारण धरणाच्या आकारात आहे. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. पूर्ण भरल्यावर पाण्याचा पसारा सुमारे 350 चौरस किलोमीटर आणि साठा 2909 दशलक्ष घनमीटर. भागाकार केला तर सरासरी खोली जेमतेम आठ मीटर निघते. ही परात आहे, हंडा नव्हे. म्हणून पातळी मीटरभर उतरली की सपाट भागात काठ शेकडो मीटर आत सरकतो.

पाणी ओळखण्याची युक्ती तशी साधी आहे. डोळ्याला न दिसणारे जवळचे अवरक्त किरण पाणी जवळजवळ सगळे गिळतं, तर हिरवं पान तेच किरण जोरात परत फेकतं. हिरवा प्रकाश आणि अवरक्त यांची वजाबाकी करून तिला त्यांच्याच बेरजेनं भागायचं. उत्तर शून्याच्या वर गेलं की बहुधा पाणी. मॅकफिटर्स यांनी हा निर्देशांक 1996 मध्ये मांडला. त्यातल्या ‘बहुधा’ या शब्दावर आमचं पोट चालतं. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत निळ्या रंगाच्या पत्र्याची शेड हमखास तळं होऊन बसते. उलट खाम नदीवर जलपर्णी माजली की नदी गायब होते आणि तिथं लुसलुशीत पीक उगवतं. पाऊस पडून गेलेलं काळं रान इतकं गडद दिसतं की नवशिक्याला तिथंही पाणी भासतं.

एका बाबतीत मात्र वाळूजकर नशीबवान आहेत. लँडसॅट-5 हा उपग्रह 1984 मध्ये वर गेला आणि बजाज ऑटोचा इथला कारखाना 1985 मध्ये सुरू झाला. त्यामुळे जवळपास पहिल्या शेडपासूनचा हिशेब त्या चित्रांत सापडतो. त्या चित्रातली एक चौकट 30 मीटरची, म्हणजे 30 मीटर लांबी-रुंदीचं शेततळं एका चौकटीत संपतं. 2015 मध्ये सेंटिनल-2 मालिका सुरू झाली आणि चौकट 10 मीटरवर आली. तेच तळं आता नऊ चौकटींत मावतं. पण ते चौकटींच्या रेघांना धरून थोडंच खणलेलं असतं! कडेच्या चौकटींत थोडं पाणी, थोडा बांध, थोडं प्लॅस्टिक. निखळ पाण्याच्या चौकटी एक-दोन मिळाल्या तरी पुष्कळ.

पडद्यावर जे सुटत नाही ते पायी जाऊन सोडवावं लागतं. पुणे रस्त्यानं कायगाव टोक्याकडे गेलं की जायकवाडीचा फुगवटा लागतो, पलीकडे प्रवरासंगम. संक्रांतीच्या आसपास तिथं उभं राहिलं तर पायाखाली भेगाळलेला गाळ, त्यात घाटे धरू लागलेला हरभरा, आणि हरभऱ्यातून सरळ पाण्याकडे गेलेला मोटारीचा काळा पाइप. पाणी मागं हटलं की पाइपाला आणखी एक तुकडा जोडतात. काठ किती सरकला, हे त्या जोडांवरूनही मोजता येतं. पाइपाच्या टोकाशी, गुडघाभर चिखलात पक्षी चरत असतात. पट्टकादंब तर रात्री हरभऱ्याचे शेंडेही खुडतात, अशी तक्रार ऐकू येते. हे सगळं 1986 साली जाहीर झालेल्या पक्षी अभयारण्याच्या परिसरात.

मी मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपत होतो, तेव्हा बांधावरच्या एका काकांनी विचारलं, “तुमचं यंत्र काय म्हनतं? पानी हाय का रान?”

“काका, ऑक्टोबरच्या फोटोत पाणी, जानेवारीच्या फोटोत रान.”

“मंग बरोबरच हाय की. दिवाळीला इथं गळ टाकतो आमी.”

पाणी हटल्यावर गाळात पेरायची, म्हणजे गाळपेऱ्याची जमीन ती हीच. नकाशात ती कायमची निळी रंगवली तर शेती कागदावरून पुसली जाते. पिवळी रंगवली तर पाणी आणि पक्षी पुसले जातात. हा वाद केवळ रंगांचा नाही. 2018-19 च्या दुष्काळात जनावरांच्या चाऱ्यासाठी गाळपेर जमिनी नाममात्र भाड्यानं देण्याचं सरकारनं ठरवलं, तेव्हा उघडी पडलेली जमीन नेमकी कुठं आणि किती, हा रोकडा प्रश्न होता.

पावसाळ्यात तर गंमत वेगळीच. धरण भरतं तेव्हाच वर ढग दाटलेले असतात. मग रडारचा आधार घ्यायचा. त्याच्या लहरी ढगांतून आरपार जातात. शांत पाणी त्या लहरी दुसरीकडे परतवतं, म्हणून काळं दिसतं. पण नाथसागरासारख्या ऐसपैस पाण्यावर वारा सुटला की लाटा उठतात आणि तोच जलाशय उजळून जमिनीसारखा दिसू लागतो. त्या दिवशीचा वारा माहीत नसेल तर चित्र नीट वाचता येत नाही.

कायद्याचं वाचन आणखी निराळं. इस्रोच्या अहमदाबाद केंद्रानं केलेल्या पाणथळींच्या राष्ट्रीय नकाशासंग्रहात जलाशयांनाही जागा आहे. सव्वादोन हेक्टरांहून लहान तळी तिथं नुसता ठिपका होतात. 2017 चे पाणथळ नियम मात्र सिंचनासाठी मुद्दाम बांधलेल्या जलाशयांना व्याख्येतूनच वगळतात. गोदावरीवर वरच्या अंगाला असलेलं नांदूर मधमेश्वर, तेही बंधाऱ्यामुळेच तयार झालेलं, रामसर यादीत आहे. पाणी कोणत्या हेतूनं अडवलं हे उपग्रहाला कळत नाही. चिखलात चोच घालणाऱ्या पक्ष्यालाही कळत नाही.

म्हणून मी एका चित्रावरून काठ आखत नाही. वर्षभरातली स्वच्छ चित्रं एकावर एक ठेवून प्रत्येक चौकटीत पाणी किती महिने होतं ते मोजतो, आणि पाटबंधाऱ्याच्या माणसांना सवयीच्या असलेल्या भाषेत रंग देतो : बारमाही, आठमाही, चारमाही. शिवाय वर्ष लिहितो, कारण 2023 मध्ये धरण पूर्ण भरलंच नाही आणि 2024 मध्ये भरलं. एका वर्षीचं आठमाही दुसऱ्या वर्षी कोरडंही असू शकतं.

बैठकीत हे चालत नाही. तिथं एकच आकडा हवा असतो : “क्षेत्र किती, तेवढं सांगा.” मी दोन सांगतो, भरल्या धरणाचं आणि उन्हाळ्याअखेरचं, दोन्ही तारखांसह. त्यावर चर्चा लांबते, चहा पुन्हा मागवावा लागतो. लांबू दे. दोन आकड्यांच्या मधली जमीन कोणाची, हरभऱ्याची, माशांची की पक्ष्यांची, हे ठरवायचा अधिकार माझा नाही. पण एकच आकडा देऊन मी ते आधीच ठरवून टाकलं असतं, आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं.