तपासनीसाच्या हातातला एक्स-रे

ऑनलाइन खेळातील गैरवर्तनाचे दोन ठळक प्रकार मानले जातात : बाहेरच्या सॉफ्टवेअरची मदत घेऊन केलेली लबाडी, आणि आपल्याच संघाचा खेळ मुद्दाम नासवणे, ज्याला खेळाडूंच्या बोलीत ‘ग्रीफिंग’ म्हणतात. ‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ या नेमबाजीच्या खेळात अशा तक्रारींचा निवाडा खेळाडूंकडूनच व्हावा, यासाठी व्हॉल्व्ह कंपनीने २०१३ मध्ये ‘ओव्हरवॉच’ ही व्यवस्था सुरू केली. अनुभवी आणि स्वतःविरुद्ध फारशा तक्रारी नसलेल्या खेळाडूला तपासनीस होता येई. त्याने तक्रार झालेल्या सामन्यातील काही फेऱ्यांचे चित्रण पाहून आरोप वाजवी शंकेपलीकडे सिद्ध होतो की पुरावा अपुरा आहे, एवढेच सांगायचे. निकाल अनेकांच्या मतांवर ठरे, आणि अचूकतेच्या नोंदीनुसार प्रत्येकाच्या मताचे वजन कमीजास्त होई.

प्रस्तुत लेखकाने हे काम पुण्यातील आपल्या घरून काही वर्षे केले. जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरत प्रत्येक गोळी डोक्यातच मारणारा आरोपी ओळखायला विशेष बुद्धी लागत नाही. कस लागतो तो ‘वॉलहॅक’च्या, म्हणजे भिंतीपलीकडचा शत्रू दाखवणाऱ्या लबाडीच्या आरोपात. अशाच एका खटल्यात आरोपीची नेमखूण पुनःपुन्हा भिंतीआडच्या शत्रूवरच स्थिरावताना दिसली आणि दोन फेऱ्यांतच लेखकाच्या मनात निकाल ठरून गेला. मात्र चित्रण पाहणाऱ्याला सर्व खेळाडूंच्या आकृती भिंतीतून दाखवणारी ‘एक्स-रे’ची सोय तेव्हा चालू होती, म्हणजे ज्या लबाडीचा तपास करायचा, तिचेच साधन तपासनीसाच्या हाती होते. ती सोय बंद करून त्याच फेऱ्या पुन्हा पाहिल्यावर दिसला तो पावलांचा आवाज ऐकून कोपऱ्यावर नेम धरणारा, शत्रू नसतानाही तसाच नेम धरणारा, एक सावध खेळाडू. शत्रू जेथे नव्हता ते कोपरे पहिल्या खेपेस लेखकाने मोजलेच नव्हते.

आरोपीचे नाव तपासनीसाला दिसत नसे आणि सामन्यातील लेखी व तोंडी संभाषणही वगळलेले असे, त्यामुळे कोण कुठला, कोणत्या भाषेत बोलतो, याचा निकालावर परिणाम होत नसे. ही खबरदारी योग्यच, पण तिची किंमत दुहेरी होती : सहकाऱ्याने ‘तो डावीकडे आहे’ अशी दिलेली निर्दोष खबर ऐकू येत नसल्याने आरोपी अधिक संशयास्पद भासे, आणि आईबहिणीवरून दिलेल्या शिव्या, ज्यांचा आपल्याकडच्या खेळाडूंना पुरेपूर परिचय आहे, तपासनीसापर्यंत पोचतच नसत.

पुढे कंपनीने ‘व्हॅकनेट’ ही संगणकीय प्रणाली खटले पाठवण्याच्या कामी लावली. कंपनीच्या अभियंत्याने २०१८ मध्ये जाहीर व्याख्यानात सांगितल्यानुसार, खेळाडूंनी पाठवलेल्या तक्रारींपैकी साधारण १५ ते ३० टक्केच सिद्ध होत, तर या प्रणालीने पाठवलेल्यांपैकी ८० ते ९५ टक्के. हा फरक यंत्राच्या हुशारीइतकाच माणसाच्या चिडीचाही मानावा लागेल, कारण तक्रारीचे बटण बहुधा हरलेल्या फेरीनंतर दाबले जाते. लेखकाने स्वतःही ते कित्येकदा तसेच दाबले आहे. वॉलहॅकच्या त्या खटल्यात मात्र त्याने ‘पुरावा अपुरा’ असा निकाल नोंदवला, आणि पुढचा प्रत्येक खटला एक्स-रे बंद ठेवूनच आधी पाहिला.