मोडकी दुर्बीण आणि ज्ञानाची मक्तेदारी

विज्ञान म्हणजे महागडी यंत्रे, इंग्रजी पुस्तके आणि पुण्या-मुंबईच्या संस्था, असे आपल्या पोरांच्या मनावर पद्धतशीर बिंबवले गेले आहे. मला ते मान्य नाही. अर्धापुरात केळीच्या बागेतून उरलेल्या पाइपाच्या तुकड्यात मी त्याचे उत्तर बसवले आहे.

जत्रेतल्या स्वस्त बायनॉक्युलरचा लोलक एका धक्क्याने हलतो, एकाच्या दोन प्रतिमा दिसू लागतात आणि ती अडगळीत जाते. भिंगे मात्र शाबूत असतात. एका बायनॉक्युलरमधून घरगुती दुर्बिणींसाठी दोन फाइंडर होतात. शंभरपट वर्धनाला मोठ्या दुर्बिणीतून जेमतेम अर्धा अंश आकाश दिसते, पूर्ण चंद्राएवढे. फाइंडर पाच-सहा अंश दाखवतो. तो नसेल तर शनी शोधण्यातच रात्र सरते.

रीत साधी आहे. दूरच्या झाडाची प्रतिमा पुढच्या भिंगाने भिंतीवर पाडायची आणि अंतर मोजायचे. तेच नाभीय अंतर. 50 मिलिमीटरच्या भिंगाचे ते साधारण 20 सेंटिमीटर भरते. त्या अंदाजाने पाइप कापायचा, आतून काळा करायचा, नेत्रिका मागेपुढे सरकेल अशी बसवायची. नेत्रिकेच्या आतल्या कड्यावर वायरीतल्या तांब्याच्या दोन बारीक तारा फुलीसारख्या चिकटवायच्या. दिवसा लांबच्या टॉवरवर दोन्ही दुर्बिणी जुळवायच्या. सूर्याकडे मात्र कधीही रोखायची नाही, डोळा जातो. लोलक काढल्याने चित्र उलटे दिसते. दिसू द्या! आकाशात कोणी वरचा नाही, कोणी खालचा नाही.

1608 साली दुर्बिणीच्या पेटंटसाठी अर्ज करणारा लिपरशे चष्मे बनवणारा कारागीर होता. 1781 मध्ये युरेनस शोधणारा हर्शेल पेशाने संगीतकार. आरसे तो स्वतः घासायचा. आपल्याकडे ज्याच्या हातात कसब होते त्याला अक्षर नाकारले आणि ज्याच्याकडे अक्षर होते त्याने हाताचे काम हलके मानले. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच दाखवून दिले. त्या विभागणीने माणूस मारला, तसे विज्ञानही मारले.

रोहित वेमुलाला कार्ल सेगनसारखे विज्ञानलेखक व्हायचे होते. 17 जानेवारी 2016 नंतर आपण त्याच्यासाठी रस्त्यावर उतरलो. उतरायलाच हवे होते. पण त्याच्या ताऱ्यांचे काय? यंदा 14 एप्रिलला डीजेचा एक तास कमी करा आणि त्या पैशातून विहाराच्या गच्चीवर एक दुर्बीण उभी करा. फाइंडर मी देतो.

जय भीम!