थर्माकोलचा गोळा

लंबकाचं अवमंदन मी अकरावी-बारावीच्या मुलांना बरीच वर्षं शिकवलं, आणि त्यातला एक भाग साफ चुकीचा शिकवला.

प्रॅक्टिकलला मी दोन लंबक टांगायचो. एकाला लोखंडी गोळा, दुसऱ्याला तेवढाच थर्माकोलचा. टांगणीपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत लांबी १ मीटर. लोखंडी गोळ्याच्या २० दोलनांना ४० सेकंद लागत. थर्माकोलच्या गोळ्याचा आयाम १० दोलनांतच तिसऱ्या हिश्शावर येई, आणि त्याची २० दोलनं मोजायला दीडेक सेकंद जास्त लागे. “हवेचा विरोध आहे, म्हणून दोलनकाल वाढला,” मी सांगायचो. मुलं जर्नलात तसंच लिहायची आणि खाली माझी सही व्हायची.

एकदा एक मुलगी म्हणाली, “सर, सूत्रात आकडे घातले तर एवढा फरक येत नाही.” मी तिला रीडिंग पुन्हा घ्यायला लावलं. हे मला अजून बोचतं. तिचं रीडिंग बरोबर होतं, आकडेमोडही. ते सूत्र मीच फळ्यावर लिहायचो, पण त्यात आकडे घालून कधी पाहिलं नव्हतं.

त्या रात्री पाहिलं. आयाम इतक्या झपाट्यानं घटत असला तरी अवमंदनामुळे दोलनकाल वाढतो तो साधारण साडेसहा हजारांत एक भाग, म्हणजे ४० सेकंदांत जेमतेम ६ सहस्रांश सेकंद. बोटानं दाबायच्या स्टॉपवॉचला तो कुठून कळणार? हवेचा विरोध ऊर्जा खातो. त्याची झळ आयामाला बसते, दोलनकालाला जवळजवळ नाहीच.

मग तो दीड सेकंद? तोही हवेचाच, पण विरोधाचा नव्हे. थर्माकोल इतका हलका की हवेच्या उत्प्लावक बलामुळे त्याचं वजन शेकडा चार-पाचांनी कमी भरतं. शिवाय गोळा हलताना भोवतालची हवाही हलवावी लागते, म्हणून जडत्व वाढतं. लंबकाच्या मोजमापात ही हवाही धरावी लागते, हे बेसेल यांनी १८२८ मध्येच दाखवलं होतं. लोखंडी गोळ्यात दोन्ही परिणाम नगण्य.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्या मुलीला तसं सांगितलं. आधीच्या तुकड्यांची जर्नलं मात्र चुकीचीच राहिली.

आता मी एकच लोखंडी गोळा वापरतो. आधी नुसता, मग झोक्याला आडवी येईल अशी पुठ्ठ्याची चकती त्याला चिकटवून. चकती लावली की आयाम भराभर घटतो. २० दोलनांना स्टॉपवॉचवर ४० सेकंदच लागतात.