रात्रीच्या खेपा

एसटीच्या हिशेब खात्यात उमेदीची वर्षं गेल्यामुळे आकड्यांशी माझं कधी वाकडं नव्हतं. तरीही स्वतःची लघवी मापून वहीत मांडायची, हे ऐकल्यावर मीसुद्धा जरा बावचळलो. रात्रीच्या खेपा वाढल्या म्हणून गाठलेला यूरोलॉजिस्ट माझ्या मुलाच्या वयाचा. त्यानं सोनोग्राफी बघितली, प्रोस्टेटसाठीच्या पीएसए या रक्ततपासणीचा रिपोर्ट बघितला, बोटानं तपासणी केली आणि म्हणाला, ‘‘काका, कॅन्सरचं काही दिसत नाही. प्रोस्टेट वयोमानानं वाढलंय. गोळी देतो, पण आधी तीन दिवस लिहून आणा. काय प्यालात, केव्हा उठलात, किती झाली.’’

त्याआधी त्यानं सात प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. धार अडखळते का, घाई लागते का, लघवीची पिशवी पूर्ण रिकामी झाल्यासारखं वाटतं का, रात्री कितीदा उठता, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. सातपर्यंत त्रास सौम्य, एकोणीसपर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. मी मध्यम वर्गात बसलो. आयुष्यभर तसाही मध्यमवर्गातच काढलाय.

मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेच्या भोवती ही ग्रंथी असते, तरुणपणी अक्रोडाएवढी. वयाबरोबर ती वाढते. साठीपर्यंत निम्म्या पुरुषांत वाढीच्या खुणा सापडतात, ऐंशीनंतर बहुतेकांत. नळी तिच्यामधूनच जाते, म्हणून धार बारीक होते आणि पिशवी चिडचिडी होते. इतकं साधं आहे. पण कऱ्हाडात प्रीतिसंगमाच्या बागेत रोज सकाळी फिरायला येणारी आमची मंडळी गुडघे, साखर, सुना या सगळ्यांवर बोलतात. यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

मापासाठी मी स्वयंपाकघरातलं प्लास्टिकचं मापाचं भांडं उचललं, तर आमची ही कडाडली, ‘‘त्यात मी ताक मोजते! हात लावाल तर याद राखा.’’ मग औषधाच्या दुकानातून वेगळं आणलं. न्हाणीघरात दोरीला वही आणि पेन्सिल बांधली. पहाटे झोपमोड झाल्यावर चष्मा लावून मापाच्या रेघा वाचायच्या, हा प्रकार विनोदी होता खरा, पण तिसऱ्या दिवशी बेरीज मारली आणि मी चाट पडलो. चोवीस तासांतली निम्म्याच्या आसपास लघवी रात्रीच्या खात्यात पडत होती. डॉक्टर म्हणाला, ‘‘तुमच्या वयात रात्रीचा वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला, तर नुसत्या प्रोस्टेटला दोष देऊन चालत नाही.’’ सकाळी उठल्यावरची पहिली लघवीही रात्रीतच धरायची, हे त्यानंच सांगितलं.

मग वहीची उलटतपासणी झाली. रात्री बातम्यांबरोबर कपभर चहा. उशाशी तांब्याची लोटी. जाग आली की दोन घोट, म्हणजे पुढच्या खेपेची सोय. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं आणि मी ती रात्री घेत होतो. डॉक्टरनं तिची वेळ सकाळची केली. आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यातही आली नसती. संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर वळ दिसायचे. दिवसभर पायात साचलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि मूत्रपिंडं ते रात्री बाहेर काढतात. मग दुपारी पायाखाली दोन उशा घेऊन पडायला लागलो. आळसाला वैद्यकीय आधार मिळाला, म्हणून हा उपाय मला सगळ्यात आवडला. (पाय अचानक सुजले तर मात्र आधी हृदय आणि मूत्रपिंड तपासून घ्यायला हवं.)

पाणी कमी केलं नाही, फक्त दिवसाकडे सरकवलं: सकाळी आणि दुपारी भरपूर, संध्याकाळी सातनंतर गोळीपुरतं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पाणी तोडलं, तर लघवी दाट होऊन आग होते आणि मुतखड्याची भीती वेगळीच. शेवटचा चहा चारचा. पोट साफ राहील याकडे लक्ष, कारण गच्च भरलेला मलाशय मूत्राशयावर दाब देतो. त्यासाठी ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पेरू आणि बागेतली फेरी पुरते. लघवी झाली की लगेच उठायचं नाही, थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. हे सुरुवातीला बावळटपणाचं वाटतं, पण उरलेली बाहेर पडते.

न्यू जर्सीहून मुलानं प्रोस्टेटसाठी म्हणून सॉ पाल्मेटो या वनस्पतीच्या गोळ्यांची बाटली पाठवली होती. डॉक्टर हसला. अमेरिकेतच २२५ पुरुषांवर वर्षभर त्याची चाचणी झाली. २००६ साली निष्कर्ष छापून आला, की औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा फरक काही नाही. व्हिटॅमिन ई तर त्याहून वाईट: ३५ हजारांवर पुरुषांच्या चाचणीत ते घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त आढळल्याचं २०११ साली जाहीर झालं. बाटली आता कपाटात पडून आहे. फेकून द्यायला ही तयार नाही, डॉलरची ना!

बागेतल्या आमच्या बाकावरच्या बापूंची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नाही. त्यांना सर्दी झाली, दुकानातून नाक मोकळं करणारी गोळी आणून घेतली, आणि रात्री लघवी पार तुंबली. पहाटे नळी घालावी लागली. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतली औषधं मूत्राशयाचं तोंड आवळतात किंवा पिशवीचा जोर कमी करतात. प्रोस्टेट वाढलेल्याला ती भोवतात. बापूंच्या या प्रकारानंतर बाकावर पहिल्यांदा हा विषय निघाला, आणि पाहतो तर काय, निम्मे जण गोळ्यांवर!

माझी गोळी चालू आहे. पुढच्या सोनोग्राफीत ग्रंथी होती तेवढीच दिसली. चालण्यानं आणि भाकरीनं ती आक्रसत नाही, हे कुणी काहीही सांगो. पण रात्रीची झोप बरीचशी परत मिळाली. अंधारात धडपडून खुबा मोडण्याची आमच्या हिची धास्तीही कमी झाली. सवयींचं काम एवढंच, आणि एवढं माझ्या लेखी पुष्कळ आहे.

लघवीत रक्त दिसलं, ती तुंबली, किंवा तापाबरोबर जळजळ होऊ लागली, तर मात्र वह्या-मापं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, सर्दीचीसुद्धा.