आडनाव काय?

नगर जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत अकरा वर्षं दारावरची सेवा माझ्याकडे आहे. येणाऱ्याला ‘सलाम’ म्हणायचं, ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक हातात द्यायचं, जागा दाखवायची. नवा माणूस दिसला की मी आपुलकीनं विचारायचो, ‘गाव कोणतं? आडनाव काय?’

ऊसतोडीच्या हंगामातला रविवार होता. दुसरं गीत चालू असताना एक बाई आली, कडेवर पोर. बोटांना चिंध्या बांधलेल्या. मी माझे दोन प्रश्न विचारले. गाव तिनं सांगितलं, आडनावाला अडखळली. मी पुन्हा विचारलं. तिनं सांगितलं, आणि मी शेवटचा बाक दाखवला. थोड्या वेळानं पुण्याहून गाडीनं एक कुटुंब आलं. त्यांना मी पुढच्या रांगेत नेलं, गीत काढून पुस्तक हातात दिलं.

उपासना सुटल्यावर एक बहीण म्हणाली, ‘दादा, ती मधेच उठून गेली. पोरगं पाणी मागत होतं.’ पाण्याचा माठ आत पाळकसाहेबांच्या खोलीत असायचा. तो कुठे आहे, हे तिला कोण सांगणार?

याकोबाच्या पत्राचा 2रा अध्याय मी कितीदा वाचला होता. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि फाटक्या कपड्यांच्या माणसाला ‘तिकडे उभा राहा’, हे त्यात उघड लिहिलं आहे. तरी मला कपड्यांपेक्षा आडनावच आधी दिसलं. आमच्यात आडनाव आणि गाव कळलं की जात कळते, ही गोष्ट बाप्तिस्म्यानंतर चौथ्या पिढीतही संपलेली नाही. आणि माझ्या पणजोबांना तर गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही जागा होती. ही गोष्ट मीच शब्बाथ शाळेत मुलांना सांगायचो.

बुधवारी मी तिला शोधायला ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर गेलो. नुसत्या चुलीच्या विटा उरल्या होत्या. टोळी पुढच्या फडावर गेली होती, मुकादमाचा फोन लागला नाही. तिचं नाव मी विचारलंच नव्हतं. आडनाव तेवढं पक्कं लक्षात आहे.

माठ आता मी दाराशी आणून ठेवला आहे. नवं कुणी आलं की आधी पाण्याचा पेला पुढे करतो. जीभ अजूनही ‘गाव कोणतं?’वर जाते. गेल्या महिन्यात एकदा तोंडातून निघूनच गेलं.