दहा हजारांचा हिशेब

नवी गाडी घेतलेला माणूस माझ्या गॅरेजात येतो तेव्हा दोन सल्ले बरोबर घेऊनच येतो. एक शोरूमचा: १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा ऑइल बदला. दुसरा सासरेबुवांचा: पाच हजाराला बदललंच पाहिजे, पुस्तकात काहीही लिहू दे. सासरे ज्या गाड्यांवर हात काळे करून शिकले त्या गाड्यांपुरतं त्यांचं बरोबरच होतं. पद्मिनी-अॅम्बेसेडरचा कार्ब्युरेटर सकाळी चोक ओढला की जळेल त्याहून जास्त पेट्रोल आत ढकलायचा, आणि ते रिंगांवरून उतरून चेंबरमधल्या ऑइलात मिसळायचं.

आजच्या इंजिनात पेट्रोल मोजून-मापून येतं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधन आलं, त्यात गंधकाचं प्रमाण दहा लाखांत दहा भाग. त्याआधीच्या बीएस-४ मध्ये पन्नास होतं. गंधक जळून जे आम्ल तयार होतं ते मारण्यासाठीच ऑइलात काही रसायनं घातलेली असतात, आणि आता ती लवकर खर्ची पडत नाहीत. ऑइलही सिंथेटिक, ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६, पाण्यासारखं पातळ. तेव्हा कंपनी दहा हजार म्हणते ती थाप नाही. प्रश्न एवढाच, की ते दहा हजार कुठले.

आमच्याकडे येणाऱ्या दोन गिऱ्हाइकांची गाडी एकच, मॉडेल एकच, साल एकच. एकजण दर आठवड्याला पुणे-कोल्हापूर करतो. दुसरा रोज हिंजवडीला जातो, म्हणजे निम्मा वेळ वाकडच्या पुलाच्या आसपास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये काढतो. सरासरी ताशी ६० धरली तर पहिल्याचे दहा हजार किलोमीटर साधारण १६६ तासांत होतात. दुसऱ्याची सरासरी २० धरा: पाचशे तास. इंजिन तिप्पट वेळ फिरलं, ऑइल तिप्पट वेळ तापलं, आणि मीटरवर आकडा तोच. ट्रॅक्टर आणि जनरेटरवाले ऑइल तासांवर बदलतात. मोटारवाल्यांनी किलोमीटर का धरले, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. बहुधा मोजायला सोपे म्हणून.

पण सगळ्यात फसतो तो हिंजवडीवाला नव्हे. फसतो तो गाडी जपून वापरणारा. कोथरूडमधले एक निवृत्त काका. मंडई, बँक, नातवाची शाळा, दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या. वर्षभरात मीटर चार हजारांच्याही आत. ‘अजून नवीच आहे रे, कशाला बदलायचं?’ पावसाळ्याच्या शेवटी त्यांच्या गाडीची ऑइल भरायची कॅप उघडली, तर आतल्या बाजूला ताकावरच्या लोण्यासारखा पिवळट-पांढरा थर. बोटानं पुसला तर चिकट, थंड. इंधन जळताना पाण्याची वाफ होतेच. इंजिन नीट तापलं तर ती उडून जाते, काकांच्या फेरीत ते तापायच्या आतच बंद होतं. मग पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलातच मुक्काम करतात. डीपस्टिक नाकाशी नेली तर पेट्रोलचा वास येतो, आणि पातळी कमी व्हायच्या ऐवजी वर चढलेली असते. काका त्यावर खूश होते: बघा, थेंबभर ऑइल खाल्लं नाही.

गाडीच्या पुस्तकात मागच्या पानांत ‘कठीण परिस्थिती’चा एक तक्ता असतो. धूळ, वारंवार छोट्या फेऱ्या, इंजिन चालू ठेवून ताटकळणं, सतत रेंगाळणारी वाहतूक. त्यात बसत असाल तर बहुतेक कंपन्या मुदत निम्मी सांगतात. पुण्या-मुंबईतला कोणता माणूस या तक्त्यात बसत नाही, हे मला कुणीतरी दाखवावं. शोरूमवर हे पान कुणी उघडत नाही, कारण गाडी विकताना वर्षाचा खर्च कमी दिसायला हवा असतो.

रंगावर तर मुळीच जाऊ नये. डिझेल गाडीत नवं ऑइल काही शे किलोमीटरांत काळंठिक्कर पडतं, आणि ते चांगलंच. काजळी पकडून ठेवणं हे त्याचं कामच आहे. उलट सीएनजीवाल्याचं ऑइल हजारो किलोमीटरनंतरही सोनेरी दिसतं, कारण गॅस काजळी करत नाही. पण आतली उष्णता त्याला दाट करत आणते, ते डोळ्याला कळत नाही. बीएस-६ डिझेलचा आणखी एक ताप: धुराड्यातला फिल्टर जाळून साफ करायला इंजिन जादा डिझेल सोडतं. शहरात ते जाळणं अर्धवट राहिलं की ते डिझेल ऑइलात उतरतं. तिथं पातळी वरच्या खुणेपलीकडे गेली तर किलोमीटर बघत बसायचं नाही, लगेच काढायचं.

माझा हात असा बसला आहे: हायवेवाल्याला पुस्तकाप्रमाणे दहा हजार, उगाच चांगलं ऑइल ओतून देऊ नका. शहरातल्याला पाच ते सहा हजार. छोट्या टर्बो पेट्रोलला मी दहा हजारांपर्यंत थांबू देत नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तोही याच ऑइलाच्या पातळ थरावर. आणि काकांसारख्यांना वर्ष म्हणजे वर्ष, मीटर काहीही सांगो. मध्ये बाहेर बदललं तरी वॉरंटीतली कंपनीची सर्व्हिस चुकवायची नाही. नव्या इंजिनात टायमिंग चेनचा ताण, व्हॉल्व्हची वेळ पुढेमागे करणं, सगळं ऑइलच्या दाबावर चालतं. त्या बारीक वाटांत गाळ बसला की खर्च ऑइलच्या दहा-पंधरापट.

बदलणं हे काम तसं साधं, म्हणून त्यात घाई होते. इंजिन कोमट हवं. चेंबरचा नट काढल्यावर धार तुटून थेंब सुरू होतात, तिथून पुढं चहा होईपर्यंत थांबावं. वॉशर नवा. नट घट्ट करताना जोर दाखवायचा नाही. चेंबर अॅल्युमिनियमचं असलं तर आटे जातात. ‘इंजिन फ्लश’ची बाटली वेळेवर ऑइल बदलणाऱ्याला लागत नाही. उन्हाळा आहे म्हणून ०डब्ल्यू-१६ च्या इंजिनात २०डब्ल्यू-४० ओता, असं सांगणाऱ्याला मी चहा पाजतो आणि वाटेला लावतो.

गणपतीच्या आधी गॅरेजात रांग लागते. गावी जायचंय, ऑइल बदलून द्या. ज्याचं वर्ष भरलंय त्याचं बदलतो. बाकीच्यांना सांगतो की कोकणात जाऊन-येऊन हजार-बाराशे किलोमीटरांनी काही बिघडत नाही, उलट लांबच्या धावेत ऑइलातलं पाणी उडेल. पातळी मात्र बघून निघा. सपाट जागा, इंजिन बंद करून पाचेक मिनिटं, काडी पुसून पुन्हा बुडवायची. एवढंही हल्ली कुणी करत नाही. नवी इंजिनंही थोडं ऑइल पितात, आणि मुदत लांबली तशी ही तहान कुणाच्या लक्षात येईनाशी झाली. मागे एका गाडीचा नट सोडला तर तीन लिटरच्या चेंबरमधून दीड लिटरही निघालं नाही. मालकानं सगळ्या सर्व्हिसची बिलं तारखेनुसार फाइलला लावून आणली होती.