परीक्षा कोणती घ्यावी?

श्रम होतांच आमच्या दादांची छाती भरून येई. ट्रेडमिलची परीक्षा झालीच पाहिजे, असा घरांत आग्रह; डॉक्टरांनीं ती नाकारतांच कित्येकांस ती हेळसांड वाटली. कारण कार्डिओग्रामांतच होतें : हृदयाच्या डाव्या विद्युत्‌शाखेंत अडथळा होता. ब्रूस यांच्या १९६३ च्या पद्धतींत दर तीन मिनिटांनीं वेग व चढ वाढवून, आलेखाची रेषा किती खचते त्यावरून रक्तपुरवठ्याची उणीव ताडतात. डावी शाखा अडली असतां ती रेषा मूळचीच वांकडी. तिजवरून निर्णय कसा करावा? धांवविल्यास रक्तपुरवठ्याचें चित्रसुद्धां मधल्या पडद्यांत कधीं कधीं खोटी उणीव दाखवितें. म्हणून दादांस निजवून, शिरेंतून अडेनोसिन देऊन चित्र घेतलें. तें निर्दोष निघालें. वडीलधाऱ्यांस घेऊन जाणाऱ्यांनीं ‘परीक्षा कां नाहीं?’ यापेक्षां ‘या हृदयास कोणती परीक्षा योग्य?’ असें विचारावें, हें बरें.